माल आधी, कागद मागून

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली. चार विदर्भातल्या दुसऱ्या गावांतून आलेली, पाचवं आमच्याच पवनी तालुक्यातलं. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी बसली आहे: मोबाइलवरून देशाबाहेर विकायला निघालं की पलीकडचा कायदा निराळा निघतो. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपुरात कस्टम्सचे कागद तयार करणाऱ्या एका ऑफिसात अकरा वर्षं होते. आता गावी असते आणि आसपासच्या विणकरांचे, बचत गटांचे निर्यातीचे कागद भरून देते.

प्रश्न : आमच्या घरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम आहे. बाबा मागावर बसतात, आई आणि मी सूत काढतो. दोन वर्षांपासून मी मोबाइलवर फोटो टाकून करवतकाठीच्या ओढण्या बाहेरदेशी विकते. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेची तीन पार्सलं पोस्टानं घेतलीच नाहीत. आता बेल्जियमची एक बाई मागून राहिली, तर म्हणतात युरोपात राहणारा ‘जबाबदार व्यक्ती’ दाखवा. मी कुठून आणू? इंटरनेट साऱ्या जगात एकच आहे, मग विकायचा नियम एक कायले नाही?
— विणकराची मुलगी, तालुका मोहाडी, जि. भंडारा

उत्तर : पोरी, आधी तुझ्या तीन पार्सलांचं सांगते. तुझं किंवा तुझ्या पोस्टमास्तरांचं त्यात काही चुकलं नव्हतं. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलावर आयातकर लागत नव्हता. २९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी ही सूट सगळ्या देशांसाठी बंद केली. मग कर कोणी भरायचा, कोणी गोळा करायचा, कोणाकडे जमा करायचा, याची घडी बसलेली नव्हती. म्हणून भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू सोडून अमेरिकेचं बाकी टपाल घेणं थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. गणपती, नवरात्र, दसरा त्या एक्कावन्न दिवसांत येऊन गेले आणि दिवाळी पाच दिवसांवर आली होती. आमच्या भागातल्या सात घरांचा माल तेव्हा माझ्या आईच्या लोखंडी पेटीत सुती लुगड्यात गुंडाळून पडून होता. कोणाचं कापड परत करायचं, कोणाला पैसे, हे रोज संध्याकाळी वहीत लिहायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

एका देशानं आपली सूट काढली आणि मोहाडीचा माग थांबला, हे झालं कसं? कारण किती रुपयांपर्यंतचं पार्सल करमाफ ठेवायचं, हे जगानं मिळून ठरवलेलंच नाही. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरणाचा करार २०१७ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात एवढंच आहे की शक्य असेल तिथे अशी किमान मर्यादा ठेवा. आकडा लिहिलेला नाही. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहायची आणि क्षेत्रफळ कोरं सोडायचं, तशातला हा प्रकार. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो आकडा लिहितो किंवा खोडतो.

युरोपचंही तेच. त्यांच्याकडे २२ युरोपर्यंतच्या पार्सलाला व्हॅट माफ होता. १ जुलै २०२१ पासून ती माफी गेली आणि प्रत्येक पार्सलावर व्हॅट आला. १३ डिसेंबर २०२४ पासून वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम लागू झाला. खाण्यापिण्याच्या नसलेल्या वापराच्या वस्तूंसाठी युरोपीय संघात कोणीतरी जबाबदार असायला हवा, आणि त्याचं नाव-पत्ता वस्तूसोबत असायला हवा. तुझ्या ओढणीनं कोणाला काय इजा होणार, असं तुला वाटेल. पण तो नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शॉक देणारा चार्जर असतो, शिसं असलेल्या रंगाचं खेळणं असतं. विकणारा हजारो मैल दूर, पकडायचं कोणाला? आपणही तेच मागतो. आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत इथे ऑनलाइन विकणाऱ्या संस्थेनं भारतात राहणारा संपर्क अधिकारी नेमायचा आहे. पवनीतल्या एखाद्या बाईनं मागवलेला मिक्सर जळका निघाला तर तिनं कोणाच्या दारात जायचं, या काळजीतूनच तो नियम आला. म्हणून युरोपच्या नियमाला मी वाईट म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मोठी कंपनी प्रत्येक देशात माणूस ठेवू शकते, तुझ्या घरात मात्र तिघंच माणसं आहेत, आणि तिघंही सुताला लागलेली आहेत. देशागणिक वेगळा नियम म्हणजे मोठ्याच्या ऑफिसात एक टेबल वाढतं, लहानाचा बाजारच बंद होतो.

करायचं काय? एका ओढणीसाठी युरोपातला प्रतिनिधी घेऊ नकोस, परवडणार नाही. पैसे घेऊन असं प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्था तिकडे आहेत, पण त्या वर्षाची रक्कम घेतात. तुमच्या गावात कोशाचे जेवढे माग आहेत तेवढ्यांनी एक गट करा आणि सगळ्यांच्या मालावर एकच प्रतिनिधी दाखवा. जवळच्या मोठ्या पोस्टात डाक निर्यात केंद्र असेल तर तिथे पोस्टाचं निर्यातपत्रक ऑनलाइन भरता येतं. कागद भरताना ‘रेशमी कापड’ एवढ्यावर थांबू नकोस. टसर आहे, हातमागाचं आहे, हे लिही. आणि बेल्जियमच्या बाईंना व्हॅटचं आधी कळव. दारात पोस्टमननं पैसे मागितले की गिऱ्हाईक कापड नाकारतं, हे माझ्या त्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे.

प्रश्न : मी घरूनच काम करतो. जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करून देतो. परवा त्यांनी तीसेक पानांचा करार पाठवला. माहिती उतरवून ठेवायची नाही, कोणी सरकारी मागणी आली तर आधी आम्हाला कळवायचं, काम संपलं की पुसायचं. ताई, माझ्यावर चोरीचा संशय घेऊन राहिले का हे लोक? सही करू का?
— पदवीधर तरुण, तालुका पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, संशय तुमच्यावर नाही. तुमच्या देशाचं नाव त्यांच्या यादीत नाही, एवढाच अर्थ आहे.

युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. तो म्हणतो, आमच्याकडच्या माणसाची खासगी माहिती बाहेर जायची तर तिथलं संरक्षण आमच्या तोडीचं हवं. ज्या देशांना त्यांनी तसं मानलं आहे त्यांत जपान २०१९ पासून आहे, दक्षिण कोरिया २०२१ पासून. भारत नाही. यादीत नसलेल्या देशातल्या माणसाला काम द्यायचं तर सहसा हा ठराविक कलमांचा करार करावा लागतो. आताचा नमुना जून २०२१ चा आहे. तुम्ही काहीच उतरवून घेतलं नाही, पुसदला बसून फक्त पडद्यावर वाचलं, तरी त्यांच्या लेखी माहिती भारतात गेली असं होतं. सरकारी मागणीचं कलमही भारताकडे बोट दाखवून आलेलं नाही. जुलै २०२० मध्ये युरोपच्या न्यायालयानं अमेरिकेशी झालेली माहितीची व्यवस्था रद्द केली, कारण तिथल्या गुप्तचर यंत्रणा ती माहिती पाहू शकत होत्या. तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो.

आता आपल्याकडे या. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पैशाच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवा. २०२३ चा आपला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मात्र निराळ्या चालीचा आहे. सरकार ज्या देशांची नावं मनाई म्हणून जाहीर करील ते सोडून बाकी ठिकाणी माहिती जाऊ शकते. म्हणजे युरोपचा दरवाजा बंद असतो आणि काहींसाठी उघडतो. आपला उघडा असतो आणि काहींसाठी बंद होऊ शकतो. अमेरिकेत तर सगळ्या देशाला लागू असा एक सर्वंकष कायदाच नाही. चीन महत्त्वाची माहिती बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी मागतो. या चौघांना एका कागदावर आणायचं म्हणजे काय, याचा अंदाज तुम्हाला यावा म्हणून एवढं लिहिलं.

प्रयत्न झाले. जपाननं २०१९ च्या ओसाकातल्या जी-ट्वेंटी परिषदेत ‘विश्वासासह माहितीचा मुक्त प्रवाह’ हा विचार मांडला. भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया यांनी तिथल्या डिजिटल जाहीरनाम्यावर सही केली नाही. माहिती ही संपत्ती आहे आणि तिचा विचार व्यापार संघटनेत, सगळ्यांच्या समोर व्हावा, ही भारताची बाजू होती. आणि वर्षानुवर्षं मुक्त प्रवाहाचा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेनंच ऑक्टोबर २०२३ मध्ये आपले त्याविषयीचे प्रस्ताव मागे घेतले, कारण घरच्या मोठ्या कंपन्यांना वेसण घालायची तर हात मोकळे हवेत, असं त्यांना वाटू लागलं.

विदर्भात हा विषय निघाला की कोणीतरी कापसाची आठवण काढतंच. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परत आपल्यालाच विकला गेला. माहितीचंही तसंच होईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. माझ्या आजोबांच्या बोलण्यात ती सल होती. पण एक फरक विसरू नये. गाठी बोटीत चढल्या की शेतकऱ्याकडे काही उरत नव्हतं. माहिती तिकडे गेली तरी इकडेही राहते. म्हणून ती अडवून धरण्यापेक्षा तिच्यावर आपला हक्क कोणता आणि तो बजवायचा कुठे, हे ठरवणं जास्त कामाचं आहे. आणि तुमच्यासारखी मुलं तर उलट्या बाजूला आहेत. त्यांची माहिती इकडे येते तेव्हा तुमच्या घरात चूल पेटते. भारतानं दार लावलं आणि समोरच्यानंही लावलं, तर पहिला फटका पुसदला बसेल.

सही करा, पण तीसही पानं वाचून. लॅपटॉप घरातल्या दुसऱ्या कोणी वापरत असेल तर कामासाठी वेगळं खातं करा. नेट कॅफेत, मित्राच्या मशीनवर हे काम उघडू नका. माहिती फुटली तर किती तासांत कळवायचं ते कलम शोधा, आणि नुकसानभरपाईची रक्कम कोरी किंवा अमर्याद असेल तर ती ठरवून घ्या. नाही म्हणण्याचा हक्क तुम्हालाही आहे.

प्रश्न : आमचा वायगाव हळदीचा गट आहे. दुबईच्या व्यापाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर भाव ठरवला, ईमेलवर करार पाठवला. कोर्टात हे टिकते का? की बाँड पेपर पाहिजेच?
— शेतकरी गट, तालुका समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : टिकतं. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायद्याच्या आयोगानं १९९६ मध्ये ई-कॉमर्ससाठी एक नमुना कायदा लिहिला. त्याच्या आधारानं आपला २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा झाला, आणि २००८ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार अमान्य होत नाही. तरी व्हॉट्सअॅपच्या गप्पांवर माल पाठवू नका. भाव, ओलाव्याचं प्रमाण, पैसे कधी आणि वाद झाला तर कुठे, एवढं एका पानावर घेऊन डिजिटल सही करून घ्या. आणि तुमच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ते करारात आणि पोत्यावर दोन्हीकडे आलंच पाहिजे.

जगाचे नियम जुळणं म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण मला हेच वाटतं. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. एक नमुना ठेवला, देशांनी आपापल्या संसदेत तो घेतला, आणि आज समुद्रपूरचा ईमेल दुबईत करार म्हणून मानला जातो.

पण एक कागद अजून कागदच आहे, आणि त्याचा त्रास मी पाहिला आहे. बिल ऑफ लॅडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती. ही ज्याच्या हातात, माल त्याचा. ऑफिसात असताना आम्ही लाल मिरचीचा एक कंटेनर मलेशियाला लावला होता. पावती मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरावरून नागपूरला आली, नागपुरातून बँकेत, बँकेतून कुरिअरनं तिकडच्या बँकेत. मधे दोन सुट्ट्या आल्या. माल आधी पोचला, कागद मागून. नऊ दिवस कंटेनर बंदरात उभा राहिला आणि त्याचं भाडं मिरचीच्या नफ्यातून गेलं. ज्यांची मिरची होती ते भिवापूरकडचे दोघं भाऊ ऑफिसात येऊन बसले होते. त्यांना कारण सांगताना मला माझीच लाज वाटत होती, चूक कोणाचीच नसताना.

अडचण अशी की ईमेलची नक्कल कितीही काढता येते, आणि या पावतीचं तर सगळं मोल ‘मूळ प्रत एकाच्याच हातात’ यावर आहे. त्यावर त्याच आयोगानं २०१७ मध्ये दुसरा नमुना कायदा दिला. बहरीननं २०१८ मध्ये, सिंगापूरनं २०२१ मध्ये त्यावरून कायदे केले, ब्रिटननं २०२३ मध्ये आपला कायदा केला. सगळ्या जगातल्या बंदरांनी आणि बँकांनी ते मानलं, तर त्या दोघा भावांसारख्यांचे नऊ दिवस वाचतील. वर्तमानपत्रात यावर मथळा होत नाही. मला मात्र डिजिटल व्यापारातलं हेच काम सगळ्यात जवळचं वाटतं.

प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक. संत्र्याची थोडी बाग आहे. वाचनात येते की डिजिटल व्यापाराच्या जागतिक नियमांना भारत आडवा येतो. हा स्वाभिमान समजायचा की हट्ट? स्पष्ट लिहा.
— वाचक, वरूड, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, दोन वेगळे वाद आहेत, आणि माझं मत दोन्हींबद्दल सारखं नाही.

पहिला वाद कराचा. मे १९९८ मध्ये जिनिव्हात व्यापार संघटनेच्या देशांनी ठरवलं की इलेक्ट्रॉनिक मार्गानं जे पाठवलं जातं त्यावर तूर्त सीमाशुल्क लावायचं नाही. तेव्हा गाणं कॅसेटवर यायचं आणि सॉफ्टवेअर सीडीवर. तात्पुरती म्हणून घेतलेली ती सवलत परिषदेमागून परिषद वाढत गेली. २०२४ मध्ये अबूधाबीत ती पुढच्या परिषदेपर्यंत किंवा ३१ मार्च २०२६ पर्यंत, जे आधी येईल तोवर, वाढवली. या सगळ्या वर्षांत ‘इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवलेलं’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र ठरलं नाही. तारेतून जाणारा संदेश, की आतला सिनेमा? भारत आणि दक्षिण आफ्रिका हेच विचारत आले. बंदरावर कर देणारी सीडी आता तारेतून येते आणि आमच्या तिजोरीत काही पडत नाही. अंकटाड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, तिच्या २०१९ च्या एका अभ्यासानं जगभरातला हा तोटा वर्षाला १० अब्ज डॉलरच्या घरात धरला, त्यातला बहुतेक विकसनशील देशांचा. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेचा हिशेब त्याहून बराच कमी आहे, आणि त्यांचं म्हणणं की जीएसटीसारख्या करातून ते भरून निघतं. परदेशी ऑनलाइन सेवांवर आपण २०१७ पासून १८ टक्के जीएसटी घेतोच.

व्याख्या मागण्यात भारत बरोबर आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्याचं माप नाही त्यावर कायमची सूट कोण लिहून देईल? पण उद्या तो कर खरंच लावला तर मोहाडीची मुलगी ज्या अॅपवर फोटो सुधारते ते महागेल. त्यामुळे कर लावण्याच्या बाजूनं मी नाही.

दुसरा वाद मोठा. व्यापार संघटनेत सगळ्यांची संमती मिळेना, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनॉस आयर्सला ७१ देशांनी वेगळं बसून बोलायचं ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये दावोसला ७६ देशांनी वाटाघाटी सुरू केल्या. ऑस्ट्रेलिया, जपान आणि सिंगापूर पुढे होते. जुलै २०२४ मध्ये सुमारे ८० देशांचा एक मसुदा तयार झाला. भारत त्यात नव्हता, अमेरिकेनंही त्याला होकार दिला नाही. त्या मसुद्यात ई-सह्या, कागदाविना व्यापार, ग्राहकाचं संरक्षण, नको असलेल्या मेलना आळा, असं आहे. माहितीचा मुक्त प्रवाह आणि सॉफ्टवेअरची मूळ संहिता (सोर्स कोड) हे भांडणाचे विषय बाहेर ठेवले गेले.

भारताचा आक्षेप पद्धतीला आहे. काहींनी वेगळं बसून केलेला करार संघटनेच्या पुस्तकात लावायचा तर सगळ्यांची संमती हवी, नाहीतर उद्या शेतीच्या अनुदानाचाही निर्णय असाच चार घरांत होईल. संत्र्याच्या बागेत उभं राहून तुम्हाला हा आक्षेप पटेल, मलाही पटतो. पण गुरुजी, त्याच ई-सह्या आणि कागदाविना व्यापार आपण दुसरीकडे मान्य केलाच आहे. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि त्यात डिजिटल व्यापाराचं प्रकरण आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या करारातही आहे. म्हणजे विषय आपल्याला चालतो, फक्त एकेका देशाशी वेगळा. त्यातून दुबईसाठी एक कागद, लंडनसाठी दुसरा, बाकी जगासाठी तिसरा. हे तीन कागद मंत्रालयात कोणी भरत नाही. ते मी भरते, मोहाडीच्या मुलीसारख्यांचे, रात्री जेवणं झाल्यावर. म्हणून मला वाटतं की पद्धतीवरचा आक्षेप नोंदवून भारतानं खोलीत आत बसावं आणि निदान कागदाचा भाग सगळ्यांसाठी एक करून घ्यावा.

तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात, म्हणून लिहिलं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : मावशी, आयात-निर्यात कोड काढायले एजंट तीन हजार मागून राहिला. इतके लागतात का?
— बचत गटाची सचिव, तालुका पवनी

उत्तर : नाही गं. सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर घरूनच भरता येतो. पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेव. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती बरोबर आहे असं पुन्हा नोंदवावं लागतं, त्या मुदतीत त्याचे पैसे लागत नाहीत. ते राहिलं तर कोड बंद पडतो आणि माल पोस्टातच अडतो. गटाच्या नावानं काढायचा असेल तर येत्या सोमवारी ठरावाची प्रत घेऊन माझ्याकडे ये, सोबत अध्यक्षांनाही आण, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येईल.